पोटाची ट्रायल

माझं पोट आणि माझं कापायचं टेबल यांची पहिली टक्कर झाली तेव्हा टेबल सरकलं. खोटं का सांगू, मला अभिमान वाटला. चार हमालांनी घाम गाळत दुकानात आणलेलं टेबल मी हात न लावता हलवलं होतं. पण टेबल सरकत सरकत एक दिवस भिंतीला टेकलं. त्याला पुढे जायला जागा उरली नाही, आणि पोट तर थांबायचं नाव घेईना. तिथून माझी पंचाईत सुरू झाली.

शिंप्याचा हात कापडाच्या मध्यापर्यंत पोचावा लागतो. माझा पोचेना. मी एकदा काठीच्या टोकाला खडू बांधून शर्ट आखला. तो घालून गिऱ्हाईक घरी गेलं, तर त्याच्या कुत्र्यानं त्याला रात्रभर आत घेतलं नाही. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा बायको मान हलवते. ती म्हणते कुत्रं नव्हतंच, शेजारीण होती. बरं, शेजारीण.

तेव्हा आमच्या लेकीनं कारभार वाटून घेतला. ती कटिंगचा रीतसर कोर्स करून आलेली. "बाबा, मापं तुम्ही घ्या, कापते मी," म्हणाली. वाटणी झाली, आणि तिथून प्रत्येक कपडा घट्ट व्हायला लागला. मी माप घेतलेलं, तिनं कापलेलं, आणि गिऱ्हाईक आरशासमोर श्वास रोखून उभं.

"तुझा हात आखडता आहे," मी म्हणायचो.

"माझा हात मापाला आहे," ती म्हणायची.

"मी तुझ्या जन्माआधीपासून मापं घेतोय."

"मग तेव्हापासून चुकत असाल."

असं दिवसभर चालायचं. त्यात मला बसल्या जागी, उभ्या जागी, बोलता बोलता डुलकी लागायची. एकदा मी कात्री हातात घेऊन उभ्याउभ्याच झोपलो. शिंप्याची कात्री म्हणजे काही कागद कापायचं खेळणं नव्हे, अर्ध्या हातोडीचं वजन. ती सुटली आणि माझ्या अंगठ्याच्या शेजारी लाकडी फळीत रुतून उभी राहिली. मी जागा झालो तेव्हा लेक कात्रीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

तिनं कात्री उपसली, पुसली आणि टेबलापलीकडच्या भिंतीतल्या खुंटीला अडकवली. "टेबलाला पोट न लावता ही काढता आली, की तुमची. तोपर्यंत कापणं माझ्याकडे."

मी दाद मागायला बायकोकडे गेलो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, कात्रीचं मला काही नाही. झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो. तो परत सुरू होईपर्यंत मी तशीच बघत बसते. मला तो सुरू राहायला हवाय." आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. मला दोन्ही हवं होतं, श्वासही आणि कात्रीही. आणि दोन्हींच्या मध्ये पोट उभं होतं. साखर वाढलेली, गुडघे बोंबलत होते, उपाशी राहण्याचे सगळे प्रकार मी उपाशी न राहता करून झालेले. आमच्या डॉक्टरनं हात टेकले आणि पोट लहान करणाऱ्या सर्जनबाईंचा पत्ता दिला.

त्यांच्याकडे मी एकटा गेलो. लेक येते म्हणत होती. मी म्हटलं, पोट माझं आहे, ते उचलून न्यायला सोबत लागत नाही अजून.

आधी एक दिवस त्यांनी घशातून दुर्बीण घालून आत बघितलं, रक्त काढलं, झोपेत तोंडाला नळ्या लावून झोपेचीही परीक्षा घेतली. मग समोर बसवलं. सर्जनबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या, बोलणं टाक्यासारखं बारीक आणि सरळ. टेबलावर प्लास्टिकचं जठर. "छातीत जळजळ होते?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. होत होती, पण प्रत्येक प्रश्नाला हो म्हणणाऱ्या माणसाला काही मान राहत नाही.

मग त्यांनी प्रकार सांगितले. एक फुगा, तोंडावाटे जठरात सोडायचा, फुगवायचा, काही महिन्यांनी काढायचा. दुसरा पट्टा, जठराच्या वरच्या अंगाला बांधायचा. हल्ली फारसा कुणी बांधत नाही. तिसरी बाही. म्हणजे जठर उभं कापून त्याची बाहीसारखी नळी करायची. हे ऐकल्यावर मी खुर्चीत ताठ झालो. एवढा वेळ डॉक्टरी चाललं होतं, आता कुणीतरी कामाचं बोललं.

"कापलेला भाग किती?" मी विचारलं.

"बराचसा. अर्ध्याहून पुष्कळ जास्त."

"आणि तो तुकडा?"

"तपासणीला जातो. मग नष्ट करतात."

"गिऱ्हाइकाला परत नाही देत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला समजावून सांगावं लागलं. मला ज्या वस्तादांनी काम शिकवलं त्यांच्या दोन शिस्ती होत्या. एक, आखलेल्या कापडावर कात्री ठेवायची नाही. दोन, कापून उरलेला तुकडा, बोटभर का असेना, घडी घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. कापड त्याचं, आपण फक्त कापणारे. आणि इथे माझंच कापड, त्यातलं अर्ध्याहून जास्त, आणि परत काहीच नाही? मी आयुष्यात असा व्यवहार केला नव्हता.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे कळलं की तो मानसोपचारतज्ज्ञांच्या नावचा कागद होता. "मनाची तपासणी सगळ्यांचीच होते," असं त्या म्हणाल्या, पण लिहिताना वेग जरा जास्त होता.

मग त्या चौथ्याकडे वळल्या, बायपास. खोलीत थंड हवा सोडलेली, खुर्ची मऊ. बायपासची सुरुवात मी ऐकली. शेवटही ऐकला. मधला थोडा भाग सुटला. डोळे उघडले तेव्हा त्या म्हणत होत्या, "...अर्थात शरीर तुमचं, निर्णय तुमचा. नक्की करून पुढच्या वेळी सांगा." मी गंभीरपणे मान हलवली आणि मोठ्या आकाराच्या चित्रांची पुस्तिका घेऊन घरी आलो. "बाईंनी सगळं माझ्यावर सोपवलंय," मी जाहीर केलं. घरात कुणीच फारसं खूश दिसलं नाही.

आणि जाहीर केल्याची चूक दुसऱ्या दिवशी कळली. आमच्या गल्लीत कुणाला काही ठरवायचं आहे ही बातमी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर पोचते.

पहिला आला प्लंबर. मशीनच्या शेजारी टेकला आणि पुस्तिका उघडून, चष्मा न लावता, दोन मिनिटांत निकाल दिला. "बायपास. जुनी टाकी बाजूला, वरच्या वर नवी जोडणी, लाइन थेट खाली. हे काम मी रोज करतो."

"आणि गळलं तर?"

"गळतंच. पुन्हा यायचं असतं ना आपल्याला."

तो उठेपर्यंत पंक्चरवाला आला. त्याचं मत फुग्याचं. आत ट्यूब घालायची, हवा भरायची, काम झालं की काढायची, गाडी तशीच. फुटला तर काय, असं विचारलं तर त्याला माझी कीव आली. "मास्तर, मी समोरच बसतो ना." पलीकडचा बॅगावाला पट्ट्याच्या बाजूचा, तो पट्टेच विकतो. म्हणाला, घट्ट करा, सैल करा, मनाचा मालक माणूस. जादा भोकं फुकट पाडून देण्याचीही त्याची तयारी होती. मेहुणीनं फोनवरून सांगितलं की तिच्या ओळखीच्या एकीनं बाही करून घेतली आणि आता ती इतकी बारीक झालीय की जुन्या मैत्रिणींशी बोलत नाही, जुन्या फोटोशीसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मॅनेजरसाहेब मात्र सगळ्याच्या विरोधात. "सकाळी कोमट पाणी," ते म्हणाले. हा सल्ला ते दातदुखीपासून भाडेकरूच्या कज्ज्यापर्यंत सगळ्याला देतात. त्यांची कंबर तरुणपणापासून तसूभर वाढलेली नाही याचा त्यांना भारी ताठा, आणि साक्षीदार मी, कारण पँटी मीच शिवतो.

माझं काय झालं असेल ते तुम्ही ताडलंच असेल. सकाळी दात घासताना मी फुग्याचा असायचो. दुकान उघडेपर्यंत पट्टा. दुपारी जेवून ढेकर आला की बायपासशिवाय तरणोपाय नाही असं वाटायचं. संध्याकाळी बाही डोळ्यांपुढे यायची आणि तिच्या मागोमाग तो नष्ट होणारा तुकडा. दुकानात येरझारा घालायच्या तर जागा तीन पावलांची. माझी दोनच व्हायची, कारण वळायला एक लागायचं. गिऱ्हाइकाच्या कोपराचं माप घेता घेता मी थांबायचो आणि त्यालाच विचारायचो, तुम्ही असता तर काय केलं असतं? एकानं शर्ट शिवायला न टाकताच पोबारा केला.

मानसोपचारतज्ज्ञांकडेही जाऊन आलो. "अन्नाशी तुमचं नातं कसं आहे?" त्यांनी विचारलं. "जवळचं," मी म्हटलं. त्यांनी मला डोकं शाबूत असल्याचा दाखला दिला. तो मी काही दिवस दुकानात फ्रेम करून लावला होता, लेकीनं उतरवला.

मधेच विम्याचं ऑफिस उपटलं. तिथला कारकून म्हणाला, वजनाचा दाखला पाहिजे. मी दवाखान्याचा दाखवला. तो त्यानं बोटांच्या टोकांनी बाजूला सारला. "दवाखाना वजन कमी करणार, मग आधीचं जास्त दाखवणारच. आम्हाला तिऱ्हाइताचा काटा हवा. शिक्क्यासह."

"घरी वजनकाटा आहे."

"शिक्का आहे?"

घरच्या काट्यावर शिक्का नव्हता आणि त्यावर मी उभा राहिलो की आकडाही नसायचा, काटा नुसता शरणागती पत्करायचा. शहरात शिक्का मारणारा मोठा काटा एकच, मालवाहतुकीच्या गोदामातला. तिथे पोत्यांच्या आणि खोक्यांच्या रांगेत मी उभा राहिलो. माझ्या पुढे एक कपाट होतं. माझी पाळी आली तशी गोदामबाबूनं मान वर न करता विचारलं, "माल काय?"

"मी."

त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. "मालाचा प्रकार लिहावाच लागतो, त्याशिवाय यंत्र पावती देत नाही."

"लिहा शिंपी."

"नवा की वापरलेला?"

मी म्हटलं वापरलेला. पाठवणार कोण, त्यानं विचारलं. मी बायको सांगितली. घेणार कोण, तर तेही बायको. मग माझ्या पाठीवर 'ही बाजू वर' असं चिकटवलं गेलं आणि शिक्क्याची पावती मिळाली. ती विम्याच्या कारकुनानं बराच वेळ न्याहाळली. पावतीच्या तळाशी छापलं होतं की वाहतुकीत मोडतोड झाल्यास कंपनी जबाबदार नाही. तो म्हणाला, "हे बरंय, आमचंही असंच आहे," आणि अर्ज ठेवून घेतला. "फक्त शस्त्रक्रियेचं नाव रिकामं आहे. ते भरून आणा. एकदा भरलं की खाडाखोड नाही." पाठीवरची चिठ्ठी मात्र मला घरी पोचेपर्यंत कुणी सांगितली नाही. बायकोनं ती काढली आणि म्हणाली, "माल मिळाला."

खाडाखोड नाही. हे दोन शब्द माझ्या डोक्यात शिलाई मशीनसारखे चालू झाले. आणि मशीनवरूनच मला सुचलं. अरे, मी शिंपी. कोट असो की परकर, ट्रायल न घेता मी कधी कापड फायनल केलंय का? मग पोटच का?

सुट्टीच्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी अस्तराचं कापड काढलं. पुस्तिकेत जठराचं चित्र खऱ्या आकाराचं होतं. मी गळ्यातली टेप त्यावर लावून मापं सांगितली, लेकीनं तिची टेप लावून कापडावर आखलं आणि कापलं. नको नको म्हणत होती, पण कात्री हातात आली की तिच्या डोळ्यांत एक चमक येते. ती तिनं कुठून उचलली ते मला माहीत आहे. चार जठरं शिवली. एकात पंक्चरवाल्याकडून आणलेला फुगा घातला. एकाला बॅगावाल्याचा पट्टा बांधला. एक उभं कापून बाही केली. बायपास प्लंबर सांगेल तसा जोडला, कारण शटर अर्धंच ओढलेलं होतं आणि तो खालून वाकून आत आला होता. त्याच्या मागून बाकीचे.

जेवण म्हणून बटणं. दुकानात बटणांचे डबे भरपूर. मी शर्टाच्या बटणांनी सुरुवात केली आणि कोटाच्या बटणांवर आलो. फुगेवालं जठर दोन मुठींत भरलं. पंक्चरवाल्यानं सगळ्यांकडे बघितलं. पट्टेवाल्यात बटणं वरच अडकून बसली. बॅगावाला म्हणाला, एक भोक सैल करा. बायपासातून बटणं सरळ प्लंबरच्या पायावर पडली आणि तो म्हणाला, बघा प्रवाह. मग बाही. बाहीत मी एक मूठ ओतली, दुसरी ओतली, आणि ती शिवणीत उसवली. बटणं दुकानभर उडाली. मॅनेजरसाहेब आयुष्यात प्रथमच गप्प होते, कारण एक त्यांच्या तोंडात गेलं होतं. त्यांना कोमट पाणी दिलं.

"उसवली कशी?" मी लेकीला म्हटलं. "एवढी अरुंद कापलीस तर उसवणारच."

तिनं उरलेल्यांतलं एक जठर पुस्तिकेतल्या चित्रावर पसरलं. चहूबाजूंनी चित्र बाहेर डोकावत होतं. "तुम्ही सांगितलेल्या मापानं कापलंय," ती म्हणाली.

"मग तुझा हात आखडता आहे. मी पहिल्यापासून सांगतोय."

सगळे बघत होते. तिचा चेहरा पडला. एवढ्या लोकांत मी हे बोलायला नको होतं, पण बोललेलं परत शिवून घेता येत नाही. तिनं चारही जठरं पिशवीत कोंबली. "चला, सर्जनबाईंकडे. मापाचा निवाडा त्याच करतील. आणि या वेळी मी आत येणार."

सर्जनबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी होताना पाहिली. मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला फाइलीत नीट आहे ना हे त्यांनी एकदा तपासलं असावं. मग उठून, रोजची पद्धत म्हणून, माझ्या कमरेला टेप लावली आणि आकडा सांगितला.

"शक्य नाही," मी म्हटलं. "माझी कंबर कैक वर्षं त्याच आकड्यावर आहे. पोट वाढलं असेल, कंबर नाही. तुमची टेप आटलेली दिसते."

"टेप आटत नाहीत," बाई म्हणाल्या.

लेकीनं माझ्या गळ्यातली टेप काढली. वस्तादांनी जाताना दिलेली, कापडी, कडा मऊ झालेली. तिनं ती बाईंच्या टेपशेजारी टेबलावर सुरुवातीला सुरुवात लावून पसरली. अर्ध्यापर्यंत जाईस्तोवर माझी टेप बाईंच्या टेपच्या बरीच पुढे गेली होती. शेवटाकडे तर दोघींची गाठभेटही नव्हती.

"ताणली गेलीये," बाई म्हणाल्या. "जुनी झाली की कापडी टेप ताणते."

मी ताणलेल्या टेपनं माप घ्यायचो आणि त्याच टेपनं कापड आखायचो, म्हणून कपडे चोख बसायचे. आकडा खोटा, कपडा खरा. स्वतःच्या पँटी तर दर मोसमाला थोड्या सोडायचो, आणि टेप म्हणायची काही वाढलं नाही हो. पण माप माझ्या टेपचं आणि कापणं लेकीच्या टेपचं झालं की कपडा घट्ट. प्रत्येक वेळी घट्ट. आणि मी प्रत्येक वेळी म्हणायचो, तुझा हात आखडता.

आमची गल्लीच्या गल्ली, मॅनेजरसाहेबांच्या ताठ्यासकट, आपण समजतो त्याहून चांगली ऐसपैस होती, आणि त्याचं कारण माझ्या गळ्यात लटकत होतं. पण त्या क्षणी मला गल्लीचं काही वाटलं नाही. मी लेकीकडे बघितलं. ती टेपची गुंडाळी करत होती, हळूहळू, वस्तादांची होती म्हणून जपून.

"तुझा हात मापाला आहे," मी म्हटलं.

"माहितेय," ती म्हणाली. नाक तेवढं ओढलं तिनं.

सर्जनबाईंनी घसा खाकरला. "मग ठरलं ना? बायपासच करायचा?"

"तेच तर," मी म्हटलं. "माझ्यावर सोपवलंत, आणि माझं काही ठरेना."

"सोपवलं? मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुमच्यासाठी बायपास. बाही नको म्हणाले, कारणं दिली. तुम्ही डोळे मिटून मान डोलवत होतात. मला वाटलं विचार करताय."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी प्लास्टिकच्या जठराकडे बघितलं.

"तुमची साखर बघता बायपास जास्त कामाचा. आणि छातीतली जळजळ. ज्यांना ती जास्त आहे त्यांची बाहीनंतर वाढू शकते."

"जळजळ नाही म्हणालो होतो मी."

"तुम्ही नाही म्हणालात. दुर्बीण हो म्हणाली."

"खुर्चीत बसून झोपतात," लेक म्हणाली. "आडवं झालं की जळतं म्हणून."

घरचा भेदी म्हणतात तो हा. मी शेवटचा किल्ला लढवायचा म्हणून विचारलं, "आणि बायपासमध्ये तुकडा किती जातो?"

बाईंनी प्लास्टिकचं जठर उघडलं. आतून ते दोन भागांचं होतं. "काहीच जात नाही. वरचा छोटा कप्पा वेगळा करून आतड्याला जोडतो. उरलेलं सगळं जठर तुमच्याजवळच राहतं, आत, जागच्या जागी. अन्न त्यात जात नाही इतकंच. हेही मी त्या दिवशी सांगितलं होतं."

उरलेला तुकडा आत, दुमडून, गिऱ्हाइकाजवळ. मी टेबलावर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, घ्या कात्री."

"आयुष्यभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्या लागतील. तपासण्या चुकवता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि आता पुन्हा सांगते सगळं. जागे राहा."

विम्याच्या कागदावरची रिकामी जागा लेकीनं भरली, तिच्या अक्षरात. ऑपरेशनचं मी काही सांगू शकत नाही. तेवढाच वेळ मी अधिकृतपणे झोपलो होतो. नंतर बराच काळ चमच्या-चमच्यानं पातळ, मग मऊ, मग हळूहळू माणसासारखं. प्लंबर रोज येऊन विचारायचा, गळतंय का. नाही म्हटलं की त्याला बरंही वाटायचं आणि थोडं वाईटही. बायको म्हणाली, आता बघत बसावं लागत नाही. तिला स्वतःला झोप लागते. आणि मी आडवा झोपतो.

गल्लीला टेपचं कळलं तेव्हा काय झालं ते विचारू नका. मॅनेजरसाहेबांनी नव्या टेपनं माप घेऊ दिलं, आकडा ऐकला, आणि तेव्हापासून कोमट पाणी बंद आहे.

माझी खरी अडचण वेगळीच. पँटी उतरायला लागल्या. मी लेकीला म्हटलं, आत घे. तर ती म्हणे, वजन थांबलंय असं सर्जनबाईंचं पत्र नको, पण नुसतं त्यांच्या तोंडून येऊ दे. सारखं कापून कापड खराब करणार नाही मी. झालं. गावभर कपडे शिवणारा माणूस एका मुठीत कमरेची पँट धरून हिंडायला लागला. बॅगावाला पट्टा घेऊन दारात उभा राहायचा, पण पट्टा मी सर्जनबाईंसमोर नाकारलेला. याच्याकडून घेतला तर तो जिंकल्यासारखं झालं असतं. म्हणून मूठ.

आणि एक दिवस टेबलाजवळून जाताना मला कळलं की मला पलीकडची भिंत दिसतेय. म्हणजे आधीही दिसायची, पण जवळ नव्हती. टेबलावर एका कोटाचं कापड आखून पसरलेलं, खडूच्या रेघा ताज्या. खुंटीला कात्री. दुकानात नेहमीची मंडळी, बायको डबा घेऊन आलेली. मी कडेला उभा राहिलो, वाकलो. पोट टेबलाला लागलं नाही. एक हात लांबवला. बोटं कात्रीला टेकली, पण अर्ध्या हातोडीची वस्तू, एका हातानं ती खुंटीवरून उचलेना. दुसरा हात पँटीच्या मुठीत.

ज्या माणसाला चार पोटांतलं एक ठरवायला अख्खी गल्ली पुरली नव्हती, त्यानं हे एका श्वासात ठरवलं. मूठ सोडली. दोन्ही हात लांबवले. कात्री आली, आणि पँट गेली.

पंक्चरवाल्यानं सवयीनं खाली बघितलं आणि लगेच वर. बॅगावाल्याच्या हातात पट्टा होता. त्यानं तो पाठीमागे लपवला, तेवढी माणुसकी त्याच्यात आहे. मी कात्री छातीशी धरून उभा. आता पँट वर घ्यायची तर कात्री ठेवायला हवी, आणि समोर आखलेलं कापड. वस्तादांची पहिली शिस्त. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. लेकीचा हात पुढे आला.

मी कात्री तिच्या हातात दिली. तिनं ती खुंटीला लावली नाही, आखलेलं कापड सोडून टेबलाच्या कडेला, स्वतःच्या हाताशी ठेवली. मी वाकून पँट वर घेतली, दोन्ही मुठींत धरली, आणि पाहतो तर तिनं गळ्यातली टेप काढली होती.

"हलू नका, बाबा," ती म्हणाली. "माप घेते. आणि कापून जे उरेल ते घरी न्या."